शाळेचा मेळावा: वर्गणी कुणाची, आनंद कुणाचा?

मुलांच्या शाळेतून 'पालक स्वयंसेवक हवेत' असा मेसेज आला की तुम्ही काय करता? ग्रुपवर हात जोडल्याची इमोजी टाकून गप्प बसता, की 'मी येते' म्हणून मोकळ्या होता? मी दुसऱ्या गटातली. त्यामुळे गेली काही वर्षं आमच्या घरात पुठ्ठ्याची खोकी, क्रेप पेपर आणि पावतीपुस्तकं यांना कायमची जागा मिळाली आहे.

आम्ही राहतो होसकोट्यात. बेंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावरचं हे गाव. पहाटे चार वाजता रांग लावून खायच्या दम बिर्याणीसाठी हल्ली प्रसिद्ध आहे. आपल्या माणसांना एक गंमत आवर्जून सांगते: शहाजीराजांना जी जहागीर मिळाली होती, तिच्यात बेंगळुरू, कोलारबरोबर होसकोटेही होतं. म्हणजे मराठी माणूस इथे नवा नाही. मी मात्र नवीच होते. सातारकडची मुलगी, नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात, आणि कन्नड येत होतं ते 'ऊटा आयता?' म्हणजे 'जेवण झालं का?' एवढंच.

मुलीची शाळा कॉन्व्हेंट. सिस्टर लोक चालवतात. पालकांमध्ये सगळे आहेत: कंपनीतले इंजिनीयर, भाजी-फुलांचे शेतकरी, रिक्षाचालक, दुकानदार, मंगळुरी आणि तमिळ ख्रिस्ती कुटुंबं, उर्दू बोलणारे शेजारी. महाराष्ट्रात 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडत काढून निवडतात. आमच्याकडे सोडत वगैरे काही नाही. जो हात वर करेल, तो कामाला लागला.

वर्षभर काही ना काही असतंच. 15 ऑगस्ट, सप्टेंबरच्या 8 तारखेचा मरियम मातेचा जन्मदिन, 1 नोव्हेंबरचा राज्योत्सव, बालदिन, आणि सगळ्यात मोठा तो नाताळाआधीचा मेळावा. खाण्याचे स्टॉल, खेळ, मुलांची नाटुकली. त्यातून जमलेल्या पैशांचे दोन भाग होतात. एक वाचनालयाला आणि दुसरा ज्या घरांना त्या वर्षी फी जड जाते त्यांच्यासाठी.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्याकडे आधीपासून एक पद्धत होती. प्रत्येक मुलाच्या हातात लकी ड्रॉच्या तिकिटांचं पुस्तक द्यायचं. त्याने ती शेजारीपाजारी विकायची. ज्या वर्गाची विक्री जास्त, त्या वर्गाचं नाव प्रार्थनेच्या वेळी जाहीर व्हायचं. अशी पद्धत तुमच्याकडेही असेल. वरवर पाहता त्यात वावगं काहीच दिसत नाही.

मीटिंगमध्ये एक आई उठून उभी राहिली. एरवी ती कधी बोलत नसे. कन्नडमध्ये, खाली बघत ती म्हणाली, की पुस्तक घरी आलं तेव्हापासून मुलीच्या रोज सकाळी पोटात दुखतंय. 'आमच्या गल्लीत तिकिटं कोण घेणार? शेवटी मीच घेतली. महिन्याच्या किराण्यातले पैसे घातले.' शेजारी बसलेल्या मंगळुरी बाईंनी ते मला हळूच हिंदीत सांगितलं, आणि मग आम्ही दोघीही गप्प झालो.

विचार करा. फी जड जाणाऱ्या घरांसाठी पैसे जमवायचे, आणि ते त्यांच्याच किराण्यातून काढायचे!

पण दुसरी बाजूही ऐका. एक वडील लगेच म्हणाले, 'स्पर्धा नसेल तर पैसे येणार नाहीत. पैसे आले नाहीत तर कुणाची तरी फी राहील. मग त्या मुलाचं काय?' त्यांचंही खोटं नव्हतं. तासभर वाद झाला. 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' हा इथला हुकमी मंत्रही त्या दिवशी चालला नाही.

त्यात एका वकील पालकांनी कायद्याचा मुद्दा काढला. कर्नाटकात 2007 पासून लॉटरीवर बंदी आहे, आणि पैसे घेऊन तिकीट विकायचं व सोडतीत बक्षीस द्यायचं हे त्याच्या फार जवळ जातं. तुमच्या शाळेत लकी ड्रॉ ठरत असेल तर आधी जाणकाराला विचारा.

मला त्या वेळी आजोबा आठवले. ते रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावी ही संस्था सुरू केली, तेव्हा मोठे धनिक मागे उभे नव्हते. गावोगावच्या लोकांनी ज्याला जे जमेल ते दिलं, अगदी धान्यसुद्धा. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. आणि मुलांसाठी वाट होती 'कमवा आणि शिका'. म्हणजे हातचे कष्ट हीसुद्धा वर्गणीच. हे मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मीटिंगमध्ये सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, 'मग वेळसुद्धा पावतीवर लिहू या.'

आणि खरंच तसं ठरलं. तिकिटांची पुस्तकं बंद. प्रत्येक मुलाला शाळेकडून खाण्याची दोन कूपनं, कुणी मागायची गरज नाही, सगळ्यांना सारखी. देणगी द्यायची असेल त्याने थेट शाळेच्या खात्यावर द्यावी, नाव जाहीर होणार नाही. ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी दोन तास द्यावेत. तेही नको असेल तर नुसतं मेळाव्याला यावं.

ती आई फुलांच्या माळा करायला आली. तिच्या हाताचा वेग बघून आम्ही बाकीच्या बायका नुसत्या सुया धरून बसलो. मंगळुरी बायकांनी नाताळचे कलकल तळले. एका आजींनी होळिगे केल्या. आपल्या पुरणपोळीची ही सख्खी मावसबहीणच. माझा थालीपीठांचा तवा दुपारी तीनपर्यंत चालू होता, आणि त्याला 'महाराष्ट्राची अक्की रोट्टी' असं नाव पडलं. मी काही भांडले नाही.

पैसे किती जमले? खरं सांगायचं तर आदल्या वर्षीपेक्षा थोडे कमीच. पण गंमत म्हणजे ती कमी भरून काढायला पुढे आले ते वाद घालणारे वडीलच. त्यांनी जुन्या पुस्तकांचा आणि लहान झालेल्या गणवेशांचा स्टॉल सुचवला, मांडला आणि स्वतः दिवसभर तिथे उभे राहिले. काही तूट तरीही राहिली. हा प्रश्न पूर्ण सुटलाय असं मी म्हणणार नाही. दर वर्षी तो पुन्हा निघतो, आणि निघायलाच हवा.

तुम्हीही असं काही करणार असाल तर अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पैसे कुणाच्याही स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका, कितीही विश्वासू माणूस असो. क्यूआर कोड शाळेच्या खात्याचाच हवा. स्टॉलवर रोख नको, कूपन ठेवा. संध्याकाळी दोघांनी मिळून कूपनं मोजायची आणि दोघांनी सही करायची. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब फळ्यावर लागतो, तसा मेळाव्याचा हिशेब आठ दिवसांत सगळ्या पालकांना कळवा.

देणगीवर करसवलत मिळेल असं सरसकट सांगू नका. संस्थेकडे त्यासाठीची आयकर खात्याची नोंदणी लागते, 2,000 रुपयांहून जास्त रोख देणगीला वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती नाहीच. स्टॉलवर खाल्लेली भजी तर देणगीत मुळीच येत नाहीत!

खाण्याच्या प्रत्येक पदार्थापुढे शाकाहारी की मांसाहारी आणि त्यात शेंगदाणे, काजू आहेत का, ते लिहा. भात, बिर्याणी गरमच वाढा, तासन् तास उघडी ठेवू नका. तारीख ठरवताना परीक्षा आणि पाऊस दोन्ही बघा.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. योजना ठरली की एकदा वर्गातल्या सगळ्यात कमी ऐपत असलेल्या घराच्या नजरेतून ती वाचून बघा. त्या घरातलं मूल मेळाव्याच्या दिवशी सकाळी आनंदाने उठेल का? उत्तर 'नाही' आलं तर कागद पुन्हा हातात घ्या.

गाव करील ते राव काय करील, असं आपल्याकडे म्हणतात. पण गाव म्हटलं की त्यात शेवटच्या गल्लीतलं घरही आलंच. पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज आला की हात नक्की वर करा. मीटिंगमध्ये मागच्या बाकावर कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर आधी त्यांना विचारा, 'तुम्हाला काय वाटतं?'