ओला हात, अनवाणी पाऊल

नळांच्या दुकानात पाणी नसतं. भिंतभर तोट्या लावलेल्या असतात, छतातून शॉवर लोंबतात, कमोड चौथऱ्यांवर मांडलेले असतात, आणि यांतल्या एकातूनही कधी थेंब गेलेला नसतो. वर झगझगीत दिवे, खाली कोरडी ठणठणीत फरशी, आपल्या पायांत चपला. न्हाणीघरातली प्रत्येक वस्तू आपण अशी निवडतो, आणि मग वर्षानुवर्षं ती वापरतो ओल्या हाताने, साबणाने मिटलेल्या डोळ्यांनी, अनवाणी. आमचं चाळीसेक वर्षांपूर्वीचं न्हाणीघर नव्याने करायला घेतलं तेव्हापासून या दोहोंमधलं अंतर मला फार जाणवू लागलं आहे. निवड ओल्या हाताने करावी, असं मला मनापासून वाटतं.

आईला दुकानात मुद्दाम घेऊन गेले. तिची बोटं संधिवाताने वाकली आहेत, चिमटीत जोर उरलेला नाही. दुकानातल्या मुलाने तिच्यापुढे गोल, गुळगुळीत मुठीचा एक देखणा नळ धरला. तिने तो दोन्ही हातांत घेऊन पाहिला आणि विचारलं, “साबणाच्या हाताने फिरतो का रे बाळा हा?” मुलगा गुणी होता. आत जाऊन त्याने तळहाताला साबण चोळला, परत आला आणि फिरवून पाहिलं. हात सटकला. मग त्यानेच लांब दांडीचा दुसरा नळ काढला. तो मनगटाने उघडला, कोपराने बंद झाला. आमच्या निवडीचा पहिला निकाल असा लागला.

जुन्या नळाच्या पोटात रबराचा वायसर असतो. तो दाबून पाणी अडवायचं, म्हणून तो झिजेल तसं आवळणं वाढत जातं, आणि शेवटी घरातला एकच दणकट माणूस तो नळ नीट बंद करू शकतो. आताच्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. पाव फेऱ्यात पाणी उघडतं, पाव फेऱ्यात थांबतं, जोर लागत नाही. त्या चकत्यांमध्ये वाळूचा कण गेला तर मात्र चरा पडतो, म्हणून टाकीतून येणाऱ्या मुख्य नळीवर जाळी बसवून घेणं नळाच्या किमतीइतकंच महत्त्वाचं. नळ पितळेचा आहे का, हे हातात घेतल्यावर वजनावरून बरंचसं कळतं. रंगाचं म्हणाल तर सध्या काळ्या, बिनचमकीच्या नळांची चलती आहे. ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं त्यांनी तो मोह टाळलेला बरा. दख्खनच्या काळ्या खडकातून वर आलेलं पाणी क्षार घेऊनच येतं, आणि काळ्या नळावर त्याचे पांढरे ओघळ पहिल्याच आठवड्यात दिसू लागतात. साध्या चकचकीत क्रोमवर ते लपतात आणि फडक्याने निघतात.

वाईला आजोळच्या घरात न्हाणी परसदारी होती. खाली टाकीचे घाव घातलेला काळा दगड, एका कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी घंगाळ. बंबातलं कढत पाणी घंगाळात घ्यायचं आणि त्यात विसण घालायचं. विसण किती घालायचं हे आजीचं मनगट ठरवी. मनगटाची आतली बाजू पाण्याला लावून ती ‘हं’ म्हणाली की आम्ही बसायचं. उटणं, शिकेकाई, टाचा घासायला वज्री, सगळं हाताशी एका फळीवर. वाहिलेलं पाणी दगडी पन्हळीतून बाहेर अळूच्या वाफ्याला आणि केळीला जाई. त्या न्हाणीत देखणं म्हणावं असं काही नव्हतं, अंधारही होता. पण मला आठवतं तेवढ्या काळात तिथे कुणी घसरून पडलं नाही.

कारण तो दगड. टाकीच्या घावांमुळे पायाला पकड मिळायची. आज फरशीच्या दुकानात खोक्यांवर आर-१०, आर-११ असे आकडे वाचायला मिळतात आणि आकडा मोठा म्हणजे पाय घट्ट, एवढं सांगितलं जातं. हा आकडा जर्मन मानकातून आला आहे. त्या चाचणीत तेल ओतलेल्या उतरत्या फळीवर माणूस बूट घालून चालतो. कारखान्यांच्या, हॉटेलांच्या भटारखान्यांच्या फरशीसाठी ती योग्यच आहे. पण त्याच जर्मनांनी दुसरी चाचणीही आखली आहे: साबणाचं पाणी आणि अनवाणी पाय. तिचे वर्ग ए, बी, सी अशा इंग्रजी अक्षरांनी लिहितात आणि ते अनुक्रमे १२, १८ आणि २४ अंशांच्या उतारापर्यंत पाय टिकण्यावर ठरतात. न्हाणीघराला ही दुसरी चाचणी लागू. आम्ही पाहिलेल्या बहुतेक खोक्यांवर तिचा उल्लेख नव्हता. मग आम्ही नमुन्याची एक फरशी घरी आणली, मोरीत ठेवली, तिच्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि तिच्यावर उभे राहिलो. मोरबीहून आलेली, संगमरवराची हुबेहूब नक्कल केलेली ती सुंदर फरशी त्याच संध्याकाळी बाद झाली. घेतली ती राखाडी, जरा खरबरीत, लहान तुकड्यांची. लहान तुकड्यांचा आणखी एक फायदा असा की सांधे जास्त येतात, आणि सांधेही पायाला धरून ठेवतात. ते सांधे एपॉक्सीने भरून घेतले, नाहीतर मळ धरतात.

फरशीइतकाच मोलाचा तिचा ढाळ. मिस्त्री लोक मीटरमागे एक-दीड सेंटीमीटर धरतात. याहून कमी झाला तर पाणी रेंगाळतं, फार झाला तर स्टूल डगमगतं. मोहेंजोदडोच्या घरांतून न्हाणीचे स्वतंत्र चौथरे सापडले आहेत: विटा एकमेकींना घट्ट भिडवून घोटलेल्या, एका कोपऱ्याकडे ढाळ, आणि तिथून पाणी गल्लीतल्या गटाराला. तिथल्या प्रसिद्ध स्नानकुंडाची लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी ७, खोली २.४ मीटर, आणि पाणी झिरपू नये म्हणून त्याला डांबराचा थर दिलेला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याला जे दोन प्रश्न पडले होते, पाणी कुठे जाईल आणि कुठे जाता कामा नये, तेच आमच्या पाच बाय सातच्या खोलीतही पडले.

म्हणून आमच्या पैशांचा मोठा भाग न दिसणाऱ्या गोष्टींवर गेला, आणि त्याबद्दल मला समाधान आहे. जुना कोबा फोडला तेव्हा खालच्या लोखंडी नळ्या इतक्या गंजलेल्या निघाल्या की आतून बोटभर वाटसुद्धा उरली नव्हती. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा. देशभरातल्या इमारतींच्या नळ्या जोडणारे हात त्या जिल्ह्यातून आले आहेत. तिथल्या पट्टामुंडाईला सरकारने प्लंबिंगची खास संस्था काढली आहे. त्याने नव्या सीपीव्हीसी नळ्या टाकल्या, दाब देऊन तपासल्या आणि गिलावा होण्याआधी मला म्हणाला, “दीदी, आता फोटो काढून घ्या.” भिंतीला टेप लावून, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे दिसेल असे फोटो आम्ही काढले. पुढे कुणी आरसा टांगायला ड्रिल घेऊन उभं राहील तेव्हा ते फोटो लागतील.

जलरोधक थर दिल्यावर दाराशी विटांचा बांध घालून न्हाणीत दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खालच्या काकूंना सांगून ठेवलं होतं. त्या सकाळ-संध्याकाळ आपल्या छताकडे पाहून वरती निरोप धाडत. मागे एकदा आमच्या गळतीने त्यांच्या देवघरावर ओल आली होती. त्यांनी तेव्हा शब्दाने दुखवलं नव्हतं, म्हणून या वेळी त्यांचं छत कोरडं राहणं ही मला आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मोठी गोष्ट वाटत होती. ज्यांना घाई असते ते ही पाण्याची परीक्षा गाळतात. गाळू नये. फरशी बसल्यावर त्या थरापर्यंत पुन्हा हात पोचत नाही.

नहाणी ट्रॅपही असाच जमिनीत गाडला जाणारा. त्याच्या वाटीत ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं. गटाराची दुर्गंधी आणि झुरळं त्या पाण्यापलीकडेच अडतात. पाण्यानेच वास अडवायची ही युक्ती संडासाच्या भांड्यात आणली अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने. १७७५ साली त्याने वळणदार नळीचं पेटंट घेतलं, आणि आजही महागातल्या महाग कमोडमागे तेच वळण आहे. उन्हाळ्यात घर महिनाभर बंद राहिलं तर ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि परतल्यावर घरभर वास येतो. एक तांब्या पाणी ओतलं की जातो. कमोड बदलताना मात्र आधी निचरा भिंतीतून आहे की जमिनीतून, आणि भिंतीपासून किती अंतरावर, हे मोजून मगच दुकानात जावं. फ्लशची टाकी दोन बटणांची घेतली, लहान बटणाला ३ लिटर, मोठ्याला ६. जुनी टाकी दर वेळी दहाहून अधिक लिटर ओतून देत असे. ज्या राज्यात मैलोन्‌मैल हंडे वाहिले जातात तिथे हा फरक मला लहान वाटत नाही.

शॉवरने मात्र बरीच चर्चा करायला लावली. दुकानात छत्रीएवढा शॉवर होता आणि मुलांचं त्याच्यावर मन बसलं होतं. पण आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. टाकीचा तळ आणि शॉवरचं तोंड यांत जेमतेम ३ मीटर अंतर. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे आमच्या वाट्याला ०.३. मोठ्या शॉवरच्या खोक्यावर किमान दाब छापलेला असतो, तो बहुतेकदा याहून जास्त. गच्चीवर पंप बसवता येतो, पण पहाटे त्याची घरघर आणि विजेचं बिल दोन्ही आलं. शेवटी लहान तोंडाचा, हातात धरता येणारा शॉवर घेतला. कमी दाबालाही त्याची धार जोमदार लागते, आणि बसून अंघोळ करणाऱ्याला तो सोयीचा. तापमान आपोआप राखणारे मिक्सरही पाहिले. त्यांत ३८ अंशांवर अडणारा खटका असतो. त्यापुढे मुद्दाम दाबल्याशिवाय जाता येत नाही. म्हाताऱ्या कातडीला चटका उशिरा कळतो, म्हणून मला तो फार आवडला. पण त्यालाही दाब हवा. तेव्हा गीझरचाच काटा खाली आणला, त्याच्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारं आरसीसीबी बसवलं, आणि बादली ठेवली.

बादलीबद्दल दुकानदार जरा अवघडतात. त्यांच्या चित्रांतल्या न्हाणीघरांत बादली कधीच नसते. आमच्याकडे ती असणार आहे, आणि मी ती अभिमानाने ठेवणार आहे. बादलीत पाणी किती घेतलं ते डोळ्यांना दिसतं, विसण हाताला कळतं, नळाला पाणी नसलं तरी अंघोळ होते. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून घेतलेल्या माणसाच्या अंगावर आईने ओतलेला तांब्या कुठल्या शॉवरमधून येणार? म्हणून नळाची उंची बादलीवरून ठरवली. तोटी भिंतीपासून पुरेशी पुढे आली, म्हणजे बादली तिच्याखाली सरळ बसते आणि तिरकी करावी लागत नाही.

उजेडाबाबत तानिझाकी आठवले. या जपानी लेखकाने १९३३ साली सावल्यांवर एक दीर्घ निबंध लिहिला, त्यात स्वतःच्या घराच्या शौचगृहाची हकिकत येते. फरशांचा लखलखाट नको म्हणून त्यांनी जमिनीला कापराच्या झाडाचं लाकूड घातलं, पण भांडं शेवटी पांढरं शुभ्र चिनी मातीचंच आलं, आणि ते त्यांना खुपत राहिलं. त्यांचं दुःख मला समजतं. तरी आईसाठी मी उजेडाच्या बाजूने कौल दिला. झडपांची जुनी खिडकी ठेवली, आणि रात्रीसाठी दाराजवळ एक मंद पिवळा दिवा.

आधाराचा दांडा टॉवेलच्या दांड्यासारखा दिसतो, म्हणून लोक टॉवेलच्याच दांड्याला धरतात आणि तो भिंतीतून उपटून येतो. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे आधाराच्या दांड्याने २५० पाउंड, म्हणजे ११३ किलोंच्या आसपास भार सोसायला हवा. आमची भिंत विटांची, त्यामुळे खोल बोल्ट बसले. हलक्या ठोकळ्यांची असती तर आधी मागून बळकटी द्यावी लागली असती. दार बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलं तर त्याच्याच अंगाने दार अडू नये.

दांड्याची जागा पुस्तकातल्या मापाने ठरवायची नाही, असं प्लंबरचं म्हणणं. त्याने उघड्या भिंतीपुढे स्टूल ठेवलं आणि आईला म्हणाला, “माताजी, बसा. आता उठा.” ती बसली, उठली, परत बसली. उठताना तिचा उजवा हात आपोआप जिथे गेला तिथे त्याने पेन्सिलीने फुली मारली. मग डोळे मिटून साबण शोधायला सांगितलं. तो हात जिथे थांबला तिथे खोबणीची फुली. तिने डोळे उघडून दोन्ही फुल्या पाहिल्या, बोटाने खोबणीची रुंदी दाखवली आणि म्हणाली, “इथे साबण आणि शिकेकाई. वज्रीला खालती वेगळी जागा कर, ती पायाची आहे.” त्याने तिसरी फुली मारली.