तुडुमापाशी

ढीवराच्या पोराला मासोळी धरायला पुण्यातल्या एका टीम लीडने शिकवलं, हे ऐकून माझी आई पाच मिनिटं हसत होती. मग तिने विचारलं, रॉड केवढ्याला पडला? मी खऱ्या किमतीच्या निम्मा आकडा सांगितला. तरी ती म्हणाली, ‘‘एवढ्यात जाळं येते.’’

बाबा हसले नाहीत. ते पेपर वाचत राहिले.

आमच्या घरात मासोळीबद्दल बोलायचं नाही असा नियम कोणी केला नव्हता, पण तो होता. बाबा आजोबांबरोबर तळ्यावर जाळं ओढायला जायचे आणि तिथूनच शाळेत जायचे. कपड्यांना येणाऱ्या वासावरून वर्गात काय काय ऐकावं लागलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी बारावीत कमी मार्क आणले त्या दिवशी. पुढे ते शिक्षक झाले, आम्ही नागपूरला आलो आणि जाळं सुटलं. मी इंजिनियर झालो. पुण्यात कोणी छंद विचारला की मी ट्रेकिंग सांगायचो. गंमत म्हणजे टीम लीडमुळे रॉड हातात आल्यावर मी ‘अँगलिंग’ हा शब्द मोकळेपणाने वापरू लागलो. रॉडने धरला तर छंद आणि जाळ्याने धरला तर जात, हे माझ्या डोक्यात कधी बसलं ते मलाही कळलं नाही.

गेल्या दिवाळीत रॉड घेऊन आईच्या माहेरी गेलो. गाव नवेगाव बांधच्या अलीकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. नवेगाव बांध म्हटलं की लोकांना मारुती चितमपल्ली आठवतात, पक्षी आठवतात, नाहीतर जंगल. तिथला मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. डोंगरांच्या मधल्या जागा मातीच्या पारीने बुजवून पाणी अडवायचं, हे कोहळी लोकांचं कसब. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत अशी हजारो लहानमोठी तळी आहेत. मालगुजारी गेल्यावर त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणू लागले, आणि सरकारी कागदावर त्याचं झालं ‘मामा तलाव’. माझ्या बाबतीत हे नाव शब्दशः खरं आहे.

मामाचं तळं छोटं आहे. चालत फेरी मारायला अर्धा तास लागत नाही. मासेमारीचा ठेका ढीवरांच्या सहकारी संस्थेकडे आणि मामा त्या संस्थेचा सभासद. मी गरी टाकू का असं विचारलं तेव्हा त्याने दोन दिवस घेतले, इतर सभासदांशी बोलला आणि मग म्हणाला, ‘‘टाका. पण जे निघंल ते वजन करून वहीत जाईल.’’ आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळे तो मला ‘तुम्ही’ म्हणतो आणि सहसा रागावत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याने रागवायला हवं होतं.

पहिल्या सकाळी मी एकटाच गेलो. पुण्यात शेकडो व्हिडिओ पाहिले होते. त्यातला एक सगळ्यांत सोपा: मोठी मरळ धरायची तर पाण्यावर पिल्लांचा गोळा शोधा. मरळीला हवेतून श्वास घ्यावा लागतो, तिच्या पिल्लांनाही. शेकडो तांबूस पिल्लं एकत्र वर येतात तेव्हा तेवढं पाणी उकळी फुटल्यासारखं दिसतं. त्यांच्या खाली आई-बाप दोघंही पहारा देत असतात. त्या उकळीतून रबरी बेडूक ओढत न्यायचा. भूक नसली तरी मरळ त्याच्यावर तुटून पडते, कारण तिला वाटतं कोणी पिल्लं खायला आलं. व्हिडिओत याला ‘शंभर टक्के ट्रिक’ म्हटलं होतं.

पावसाळा सरला होता, तरी कमळाच्या पानांच्या कडेला एक उशिराचा गोळा मला दिसला. तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं. हाताला असा झटका बसला की रॉड सुटता सुटता राहिला. दोरा जाड होता, पानं कापत आला, आणि दोन-तीन मिनिटांत हातभर लांब काळपट मरळ काठावर होती. गरी घशात गेली होती. मी तिचा फोटो काढला.

मामा मागून आला. त्याने मरळीकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं. उकळी विस्कटली होती. पिल्लं इकडेतिकडे वर येत होती आणि कडेच्या खुंटावरचा पाणकावळा खाली उतरला होता. मामाने मातीचं ढेकूळ त्याच्याकडे भिरकावलं. तो थोडा दूर जाऊन पुन्हा बसला. मामाने पुन्हा ढेकूळ उचललं. असं बराच वेळ चाललं. मी मरळ परत सोडू का विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘घशातून रक्त येऊन रायलं. आता काय सोडता.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘दुसरा हाये अजून. सांभाळंल.’’

वहीत नोंद झाली. दीड किलो. मी फोटो डिलीट केला, आणि डिलीट केल्याने काय होतं असंही वाटलं.

त्या दिवसापासून मी रॉड बाजूला ठेवला आणि मामाच्या मागे फिरलो. त्याने ‘शिकवतो’ असं म्हटलं नाही. तो फक्त बोलत होता, आणि मी पहिल्यांदा गप्प होतो.

लहान तळ्यात मोठी मासोळी शोधायची तर आधी ती तिथे मोठी कशी झाली हे पाहावं लागतं, एवढं मला त्यातून समजलं. रोहू, कटला, मृगळ या तळ्यात जन्मत नाहीत. त्यांना अंडी घालायला वाहतं, पुराचं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली, तेव्हापासून बीज तयार करणं जमू लागलं. आता संस्था दर पावसाळ्यात बोटुकली विकत आणून सोडते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळं ओढून तीच काढते. म्हणजे सहा-सात किलोचा रोहू हा कुठल्या गुप्त जातीचा मासा नसतो. तीन-चार उन्हाळे ज्याच्यावरून जाळं गेलं आणि ज्याला ते सापडलं नाही, तो तो.

आणि जाळं कुठे सापडत नाही? पारीच्या पोटाशी तुडूम असतं, म्हणजे शेतात पाणी सोडायचं दगडी तोंड. तिथे तळं सगळ्यांत खोल, खाली दगड, जाळं अडकून फाटतं. मे महिन्यात बाकी तळं गुडघाभर झालं तरी तुडुमापाशी डोह उरतो. ‘‘म्हातारी मासोळी तिथंच ऱ्हाते,’’ मामा म्हणाला. दुसऱ्या टोकाला सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून जायची जागा. तिकडे बेशरमाची झुडपं पाण्यात उतरली आहेत. मासोळी लागली की तिकडेच पळते आणि मुळांत दोरा गुंडाळून तोडते. (या परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढीवर बायकांना बरोबर घेऊन तळ्यांतलं बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती लावतं. मामीने त्या कामाबद्दल ऐकलं आहे. आमच्या तळ्यात अजून सुरुवात नाही.)

चाऱ्यासाठी मी कोठीतून ढेपेची पाटी उचलली तेव्हा मामी ओरडली. ती मोहाच्या बियांची ढेप होती. तिच्यातलं सॅपोनिन कल्ल्यांतून माशाच्या रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. जुने तलाव रिकामे करायला लोक मुद्दाम ती टाकतात. पाटीभर ढेपेने अख्खं तळं मेलं नसतं बहुतेक, पण तो कोपरा नक्की गेला असता. घेतली ती शेंगदाण्याची ढेप, तव्यावर भाजलेली, त्यात तांदळाचा कोंडा आणि शिळा भात. मुठीएवढे गोळे, तीन संध्याकाळी, एकाच जागी, एकाच वेळी. गरी नाही. फक्त जेवण. मला हे तीन दिवस फार जड गेले. सुट्टी संपत होती.

चौथ्या दिवशी पहाटे नाही, उन्हं वर आल्यावर बसलो. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो, कारण पाणवनस्पती रात्रभर तो वापरतात. मासोळी तेव्हा सुस्त असते. पारीच्या कडेवर न बसता चार पावलं मागे, कारण माशाच्या दोन्ही कुशींवर जी रेघ असते तिने त्याला पाण्यातला कंप कळतो आणि पारीवरची पावलं पाण्यात उतरतात. मी दोनदा उठलो. मामा म्हणाला, ‘‘काहून हलून रायले भाचे? तिला तुमचे बूट आयकू येते.’’ बूट काढले. चिनी बनावटीचा तरंगा मामाने काढून वाळल्या धाटाचा तुकडा बांधला. रील मात्र त्याने हातात घेऊन निरखलं, ड्रॅगचा स्क्रू फिरवला, दोरा ओढून पाहिला. किती ओढ बसली की दोरा आपोआप सुटेल हे त्या स्क्रूने ठरतं. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर ठेवायचं असतं, मी सांगितलं. ‘‘हे चांगलं केलं,’’ तो म्हणाला. आठवडाभरात माझ्या सामानाचं झालेलं हे एकमेव कौतुक.

धाट आधी थरथरलं. मी ओढणार तेवढ्यात मामाने मनगट धरलं. मग ते आडवं झालं आणि तिरकं, शांतपणे, पाण्याखाली चालू लागलं. मनगट सुटलं.

ओढ झटक्याची नव्हती. कोणी बैलगाडी हाकल्यासारखी होती. दोरा सुटत गेला. सलंगाच्या दिशेने. मी ड्रॅग आवळायला गेलो, मामा म्हणाला नको, काठीच उजवीकडे पाडा. रॉड पाण्याला समांतर, तिच्या पळण्याला आडवा. तिचं तोंड वळलं. पुन्हा गेली, पुन्हा वळवली. ती थकण्याआधी माझे हात थकले. पंधराएक मिनिटांनी तांबूस खवल्यांची कूस पाण्यावर आडवी दिसली आणि मामा कंबरभर पाण्यात उतरून तिला दोन्ही हातांनी मिठीत घेऊन वर आला.

सहा किलो दोनशे. वहीत माझं नाव लिहिलं, मामाने बाजारभावाने माझ्याकडूनच पैसे घेतले आणि मामीने रात्री चारी घरांत वाटण्या पाठवल्या.

त्याआधी संध्याकाळी कमळांकडे गेलो होतो. बराच वेळ काही दिसलं नाही. मग आधीच्या जागेपासून दूर, काठाला, ओंजळभर पाणी उकळलं. पूर्वीपेक्षा लहान गोळा. पाणकावळा खुंटावरच होता. मी अंधार पडेपर्यंत तिथे बसलो, उजव्या हाताशी ढेकळं जमवून.

रात्री बाबांना फोन केला. मरळीचं आधी सांगितलं, मग रोहूचं. ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं.

‘‘कुठं लागली?’’ त्यांनी विचारलं. ‘‘तुडुमापाशी का?’’

‘‘हो.’’

‘‘डाव्या बाजूच्या दगडाकडे?’’

हा दगड मला मामाने दाखवला नव्हता. बाबा लग्नानंतर मामाबरोबर त्या तळ्यावर उतरत होते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

‘‘सलंगाकडे जाऊ दिली नाही ना?’’ बाबा म्हणाले. ‘‘थांब, मामाला दे फोन.’’