रिकामी गाडी जास्त का आदळते?

बालमित्रांनो, एसटीच्या अगदी शेवटच्या बाकावर बसून तुम्ही कधी प्रवास केलाय? जागा मिळाली म्हणून आनंदाने पळत जाऊन बसायचं आणि पहिल्याच खड्ड्याला हातभर वर उडायचं! पुढे ड्रायव्हरकाकांच्या पाठीमागे बसलेले आजोबा मात्र खुशाल डुलक्या घेत असतात. गाडी एकच, रस्ता एकच, खड्डाही एकच. मग असं का बरं होत असेल? हा प्रश्न मनात ठेवा. आज आपल्याला गाडीच्या धक्क्यांविषयीच बोलायचं आहे.

मी परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या बोरीला प्राथमिक शाळेत शिकवतो. आमच्या भागातली जमीन काळी, कसदार. कापूस, सोयाबीन, तूर पिकवायला ही माती फार चांगली. रस्त्याची मात्र ती वैरीण! पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून भेगाळते. खालची माती अशी वर-खाली झाली की वरचा रस्ता तरी सरळ कसा राहणार? म्हणून शिवारातले आडरस्ते पुन्हा पुन्हा उखडतात. अशा रस्त्यांवर सगळ्यात जास्त धावते ती पिकअप गाडी. कापूस न्यायचा, खताची पोती आणायची, भाजीपाला परभणीला पोचवायचा, स्लॅबची मिक्सर मशीन मागे जोडून ओढत न्यायची, सगळ्याला पिकअप.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील अशीच गाडी चालवतात. एकदा मधल्या सुट्टीत तो मला म्हणाला, "सर, वझं वाढल्यावर तरास वाढाया पाहिजे ना?"

"हो, वाढायला पाहिजे."

"मग पप्पा म्हणतेत की माल भरल्यावर गाडी मऊ चालती अन् रिकामी असली की कंबर मोडती. असं उलटं कसं?"

प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. पण पुढचं वाक्य तो खाली बघून बोलला. "रात्री घरी आल्यावर ते आता बारकीला उचलूनबी घेत नाहीत. पाठ धरती त्यांची."

तेव्हा ठरवलं, या प्रश्नाचं उत्तर वर्गात सगळ्यांनी मिळून शोधायचं.

तुम्हीही करून बघा. एक प्लॅस्टिकची पट्टी घ्या. तिचा अर्धा भाग टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा, अर्धा बाहेर राहू द्या. बाहेरचं टोक दाबून सोडा. टर्रर्र! पट्टी किती भरभर हलली? आता त्याच टोकावर खोडरबर दोऱ्याने बांधा आणि पुन्हा सोडा. आता ती सावकाश झुलते, आहे की नाही गंमत! ओझं वाढलं, पण हिसका कमी झाला. मग चार पट्ट्या एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधा. ही जुडी खोडरबराने जेमतेम वाकते. तिला झुलवायचं तर चांगलं वजन बांधावं लागतं.

गाडीच्या मागच्या चाकांजवळ वाकून बघितलंत तर अशीच जुडी दिसेल. पोलादाच्या लांब, किंचित वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. गॅरेजवाले त्यांना 'पाटे' म्हणतात. चाक खड्ड्यात गेलं की पाटे वाकतात आणि धक्का पोटात घेतात. पण हे पाटे किती ताठ करायचे? पिकअप साधारण दीड टन, म्हणजे पंधराशे किलोच्या आसपास माल न्यायला बनवलेली असते. तेवढं ओझं पेलायचं म्हणून पाटे ताठच ठेवावे लागतात. गाडी रिकामी असली की त्यांच्यावर पुरेसं वजनच नसतं. खड्डा तेवढाच, पाटा तेवढाच ताठ, पण दाबायला वजन नाही. मग पाटा वाकत नाही आणि सगळी गाडीच वर उडते. माल भरला की तोच पाटा वाकू लागतो. मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी हिशोब सांगतो: पाटा तोच ठेवून वजन चौपट केलं, तर झुलण्याचा वेग निम्मा होतो.

आता हा वेग आपल्या शरीराला का जाणवतो ते बघा. चालताना आपलं अंग सेकंदाला एक-दोन वेळा वर-खाली होतं. त्याची आपल्याला सवय असते. चांगली मोटारही साधारण तेवढ्याच वेगाने झुलते, म्हणून तिच्यात झोप लागते. पण सेकंदाला चार ते आठ वेळा वर-खाली हिसके बसू लागले, की माणसाच्या अंगाला ते सगळ्यात जास्त लागतात. पोट, छाती, पाठीचा कणा, सगळंच त्या तालावर हलायला लागतं. पाटे गंजून जाम झाले, तर गाडी पाट्यांवर न झुलता नुसत्या टायरांवर उडते, आणि तिचे हिसके याच त्रासाच्या वेगाकडे सरकतात. वर्षानुवर्षं रोज आठ-दहा तास असे धक्के खाल्ले तर कंबर बोलणारच!

मग उपाय काय? पहिला उपाय टायरमधल्या हवेचा. हवेच्या टायरची गोष्टच मोठी छान आहे. जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात राहत होते. त्यांचा लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा. तिची चाकं टणक, रस्ते दगडी. त्याची सायकल सुखाने चालावी म्हणून डनलॉप यांनी चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली, आणि १८८८ साली या टायरचं पेटंट घेतलं. त्यांच्या आधी १८४५ साली रॉबर्ट थॉमसन यांनाही हीच कल्पना सुचली होती, पण तेव्हा ती चालली नाही. म्हणजे आज जगभर धावणाऱ्या टायरांमागे एका बापाची आपल्या मुलासाठीची काळजी आहे बरं का! टायर म्हणजे गाडीची पहिली गादी. रिकाम्या गाडीत भरल्या गाडीइतकी हवा ठेवली तर ती गादी दगडासारखी होते. कंपनीने ठरवून दिलेली हवा रिकाम्या गाडीला वेगळी आणि भरलेल्या गाडीला वेगळी असू शकते. ती गाडीसोबतच्या पुस्तकात दिलेली असते. मात्र माल भरून हवा कमी ठेवायची नाही. टायर तापतो आणि फुटू शकतो.

दुसरा उपाय शॉकअपचा. होळीला पिचकारीचा दांडा दाबताना हाताला जोर लावावा लागतो ना? पाणी बारीक भोकातून जायला वेळ घेतं म्हणून. शॉकअपमध्ये पाण्याऐवजी तेल असतं. पाटा एकदा वाकला की तो उसळ्या मारत राहू नये, हे काम शॉकअप करतो. त्यातलं तेल गळून गेलं की गाडी एका खड्ड्याला चार उसळ्या मारते.

तिसरा उपाय पाट्यांचा. गंज काढून ते मोकळे ठेवायचे, झिजलेले बुश बदलायचे. काही गाड्यांत मुख्य पाट्यांच्या वर एक मदतनीस पाटा असतो. रिकाम्या गाडीत तो कशालाच टेकत नाही. माल भरून गाडी खाली बसली की मगच तो कामाला लागतो. केवढी हुशारी आहे बघा!

आणि मिक्सर ओढताना? बहुतेक मिक्सरला पाटे नसतातच. तो उडाला की त्याचा हिसका हुकातून थेट पिकअपला बसतो. हुकाची पिन सैल असेल तर प्रत्येक ब्रेकला मागून 'धाड्' असा धक्का येतो. म्हणून पिन नीट बसणारी हवी. मागच्या गाडीचं वजन कुठे आहे, हेही बघायचं. माझे आजोबा बैलगाडी भरताना साटीवर पुढच्या बाजूला थोडं जास्त ओझं ठेवायचे. मागे जास्त झालं तर गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा. फार पुढे ठेवलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर. पिकअपमागे ओढायच्या गाडीलाही हाच नियम. तिच्या एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा. भार मागे गेला तर मागची गाडी शेपटीसारखी डोलू लागते आणि ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग राहत नाही.

एसटीचं कोडं आता सुटलं का? शेवटचा बाक मागच्या चाकाच्याही मागे असतो. चाक उचललं की तो फळीच्या टोकासारखा आणखी जास्त वर जातो. दोन चाकांच्या मधली जागा सगळ्यात शांत.

हे सगळं आम्ही वर्गात फळ्यावर काढलं. त्या मुलाने वहीत उतरवून घेतलं आणि घरी वडिलांना दाखवलं. शनिवारी ते स्वतः शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, हवा अन् शॉकअपचं बघतो. पण आमच्या गाडीला दोन पाटे जादा टाकलेत. ते काढले तर जादा माल बसत नाही, अन् जादा माल नाही तर हप्ता निघत नाही."

मुलांनो, खरी गाठ इथे आहे. कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरणं नियमात बसत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. जादा पाटे महिन्यातल्या चार-पाच जड खेपांसाठी, आणि त्यांचे धक्के मात्र रोजच्या प्रत्येक रिकाम्या खेपेला. मी त्यांना उपदेश केला नाही. एवढंच म्हणालो, "त्या खेपांचं जादा भाडं किती आणि औषधगोळ्यांचा, बुडालेल्या दिवसांचा खर्च किती, ते एकदा पोराकडून मांडून घ्या. त्याला बेरीज-वजाबाकी चांगली येते."

ते हसले. पोराने हिशोब मांडला. तो आकडा त्यांच्या घरचा आहे, म्हणून इथे सांगत नाही. शॉकअप नवे बसले, पाटे मोकळे करून घेतले, सीटवर आईने गोधडीची जाड घडी शिवून दिली. दोन जादा पाट्यांपैकी एक निघाला आहे. दुसरा अजून तिथेच आहे.

तुमच्याही घरात कुणी पिकअप, ट्रॅक्टर किंवा रिक्षा चालवत असेल. आज रात्री त्यांना विचारा, "पाठ दुखते का?" मग गाडी बंद असताना, मोठ्या माणसाला सोबत घेऊनच, खाली वाकून पाटे मोजा, शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसतो का बघा. शेताला जाताना मालाच्या गाडीत मागे दाटीवाटीने उभं राहू नका. अशा गाडीत प्रवासी बसवायला कायद्याने मनाई आहे, आणि मघाशी सांगितलं तसं, सगळ्यात जास्त धक्के तिथेच बसतात.

आणि हो, पालकांनो, मुलांनी पाटे मोजून कागदावर काही आकडे लिहून आणले, तर तो कागद टाकून देऊ नका. जेवायला बसताना एकदा वाचा.