डेटनचें कुरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो संस्थानांत डेटन नांवाचें एक मध्यम प्रतीचें शहर आहे. नायगारा व न्यूयॉर्क पाहून कृतार्थ होणारे आपले प्रवासी त्या वाटेस सहसा जात नाहींत. आमची धाकटी कन्या व जांवई तेथें बरींच वर्षें राहतात, म्हणून गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां अडीच महिने त्या गांवीं होतों. एवढ्या अवधींत जें स्थळ आम्हीं एकदां सोडून तीनदां पाहिलें, तें म्हणजे शहरापासून सुमारें आठ मैलांवर असलेलें ८४ एकरांचें एक गवताळ कुरण. हफमन प्रेअरी हें त्याचें नांव. आतां तें तेथील मोठ्या लष्करी विमानतळाच्या हद्दींत मोडतें, तरी सर्वांस पाहावयास मोकळें आहे. पाहावयास म्हटलें तर तेथें फारसें कांहींच नाहीं: एक लांकडी छपरी, एक उंच मचाणवजा सांगाडा, आणि दूरवर हलणारें गवत. छपरी व सांगाडाही मूळच्या नमुन्याबरहुकूम मागाहून उभारलेलीं. मूर्ति आणि शिखर दिसल्याशिवाय ज्यास यात्रा घडल्यासारखी वाटत नाहीं, त्यानें तेथें जाऊं नये.

परंतु मनुष्य उडावयास शिकला तो येथें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंचें यंत्र प्रथम उडालें, हें आपल्या शाळांतील मुलांसही पाठ असतें. पण त्या दिवशींचें सर्वांत लांबलेलें उड्डाण ५९ सेकंदांचें होतें, आणि तेंही सरळ रेषेंत. पंतोजींच्या भाषेंत सांगावयाचें तर किटी हॉक येथें धुळाक्षर गिरविलें गेलें, वाचन-लेखन झालें तें या कुरणांत. वळणें, परतणें आणि जेथून निघालों तेथेंच सुखरूप उतरणें ही विद्या विल्बर व ऑर्व्हिल यांनीं १९०४ व १९०५ या दोन वर्षांत येथें कमाविली. कुरण टॉरेन्स हफमन नामक एका पेढीवाल्याचें. त्यानें भाडें घेतलें नाहीं. अट एवढीच कीं, उडण्यापूर्वीं गाई-घोडे बाहेर हांकून द्यावेत. दोघे बंधु ट्रॅमगाडीनें येत, सिम्स स्टेशन नामक थांब्यावर उतरत, गुरें हांकीत आणि मग उडत. २० सप्टेंबर १९०४ रोजीं विमानानें येथें पहिलें पूर्ण वर्तुळ काढलें. तें डोळ्यांनीं पाहून ज्यानें लिहून ठेविलें तो एमॉस रूट हा मधमाशा पाळणारा गृहस्थ, आणि तो वृत्तांत छापला गेला तो मधमाशांविषयींच्या त्याच्याच मासिकांत, जानेवारी १९०५ मध्यें! मोठमोठीं वर्तमानपत्रें त्या वेळीं कोठें होतीं कोण जाणे.

(आमचें आयुष्य संस्कृत शिकण्या-शिकविण्यांत गेलें, त्यामुळें 'हें सारें आपल्याकडे पूर्वींच होतें' असें म्हणणारे सज्जन आमच्याकडे अपेक्षेनें पाहतात. पुष्पक विमानाचें काव्य आम्हांसही प्रिय आहे. परंतु 'वैमानिक शास्त्र' म्हणून जो ग्रंथ पुढें केला जातो, तो विसाव्या शतकाच्या आरंभींचा असून त्यांतील यंत्रें उडणें शक्य नाहीं, असें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालींच दाखविलें आहे. काव्य तें काव्य राहूं द्यावें.)

या कुरणाकडे आम्हांस प्रथम नेलें तें जांवईबापूंनीं, आणि त्यांत त्यांचा हेतु निव्वळ स्थलदर्शनाचा नव्हता. वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं त्यांनीं लहान विमान चालविण्यास शिकावयास आरंभ केला होता. धंद्यासाठीं नव्हे, केवळ हौस. त्या देशांत या हौसेस वयाची वरची मर्यादा नाहीं. डॉक्टरनें प्रकृति ठीक ठरविली, किमान ४० तास उड्डाण झालें, लेखी व प्रत्यक्ष परीक्षा उतरली कीं परवाना मिळतो. आमच्या कन्येच्या घशाखालीं मात्र शनिवारचा घांस उतरत नसे. आम्ही पोंचल्याच्या तिसऱ्या दिवशीं, जांवई कचेरींत गेल्यावर, ती म्हणाली, "नाना, तुम्हीच सांगा त्यांना. माझं बोलणं हंसण्यावारी नेतात. तुमचा शब्द मोडायचे नाहींत." आतां, जांवयास चार गोष्टी सुनाविण्याचा अधिकार सासऱ्यास कोणत्या स्मृतीनें दिला आहे, तें आम्हांस ठाऊक नाहीं. शिवाय सोळा वर्षांची नात बापाच्या पक्षाची आणि आमचें कुटुंब मुलीच्या पक्षाचें. घरांत सरळ दोन तट पडलेले. आम्ही "पाहतों" एवढेंच म्हणालों.

पाहावयाचें म्हणून राइट घराण्याविषयींचीं पुस्तकें आणवून वाचलीं. राइट बंधु कधीं पडलेच नाहींत असा कोणाचा समज असेल, तर तो खरा नव्हे. याच कुरणांत १४ जुलै १९०५ रोजीं ऑर्व्हिलचें विमान नाकावर आपटलें. तो वरच्या पंखाच्या मोडलेल्या भागांतून बाहेर फेंकला गेला आणि दैवानें वांचला. मग दोघांनीं काय केलें? विमान वर-खालीं नेणारे पुढील लहान पंख मोठे केले आणि मुख्य पंखांपासून अधिक पुढें नेऊन बसविले. ५ ऑक्टोबर १९०५ रोजीं विल्बरनें याच कुरणावर घिरट्या घालीत ३९ मिनिटांत २४ मैल अंतर तोडलें, तें या दुरुस्तीनंतर. तीन वर्षांनीं मात्र दैवानें हात आंखडता घेतला. १७ सप्टेंबर १९०८ रोजीं वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायर येथें लष्करी अधिकाऱ्यांपुढें प्रयोग चालू असतां प्रॉपेलरचें एक पातें तडकलें, सुकाणूच्या तारेस लागलें, आणि विमान कोसळलें. शेजारीं बसलेला लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज हा २६ वर्षांचा तरुण मरण पावला. इंजिनाच्या विमानानें घेतलेला जगांतील तो पहिला बळी. ऑर्व्हिलची मांडी व बरगड्या मोडल्या. विल्बर त्या वेळीं दूर फ्रान्समध्यें होता. धाकटी बहीण कॅथरिन डेटनच्या शाळेंत लॅटिन शिकवीत असे. तार मिळतांच तिनें रजा काढली आणि भाऊ रुग्णालयांतून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ सात आठवडे, त्याच्या उशापाशीं काढले. त्या शाळेंत ती पुन्हां शिकवावयास गेली नाहीं. भाषेच्या शिक्षकानें वर्ग अर्ध्यावर टाकून जाणें म्हणजे काय, हें आम्हांस कोणी सांगावयास नको. विमानाच्या शोधांत तिचें नांव नाहीं. विमानाच्या अपघातांत आहे.

आणि घरीं वडील. मिल्टन राइट हे आपल्या पंथाचे बिशप, म्हणजे वरिष्ठ धर्मोपदेशक. पत्नी १८८९ सालीं क्षयानें वारली. दोघे थोरले मुलगे आपापल्या संसाराला लागले. उरलेले दोन अविवाहित मुलगे, अविवाहित मुलगी आणि म्हातारा बाप असें हें कुटुंब एकत्र नांदत होतें. १८७८ सालीं प्रवासाहून परततांना रबराच्या पिळावर उडणारें एक खेळणें मुलांसाठीं यांनींच आणलें होतें. तेव्हां पुढें तक्रारीस फारशी जागा नव्हती! त्यांनीं मुलांस उडण्याची बंदी केली नाहीं. एवढेंच वचन घेतलें कीं, दोघांनीं मिळून एका विमानांत कधीं बसूं नये. एक पडला तर दुसरा मागें राहावा, आणि हातीं घेतलेलें कामही राहावें.

हें वाचून आम्ही पुस्तक मिटलें आणि बराच वेळ तसेच बसलों. बापानें 'नको' म्हणणें सोपें. असा हिशेब मांडणें अवघड, कारण त्यांत एखादा मुलगा जाईल हें धरूनच चालावें लागतें.

या नियमास सूट मिळाली ती २५ मे १९१० रोजीं, याच कुरणांत. वडिलांच्या अनुज्ञेनें दोघे बंधु त्या दिवशीं सहा मिनिटें एकत्र उडाले, आयुष्यांत एकदांच. मग ऑर्व्हिलनें वडिलांस शेजारीं बसविलें. वय वर्षें ८१. सुमारें सात मिनिटें ते हवेंत होते, साडेतीनशें फुटांपर्यंत गेले. आणि वडील मुलाच्या कानाशीं वांकून 'आणखी वर, आणखी वर' म्हणत होते. आम्ही दुसऱ्यांदा कुरणावर गेलों तेव्हां हा प्रसंग आमच्या कुटुंबास तेथेंच उभ्या उभ्या सांगितला. तिनें गवताकडे पाहत एवढेंच विचारलें, "आणि ती मुलगी खालीं उभी होती का हो?"

त्यानंतर आम्ही जांवईबापूंस म्हणालों, "आतां तुमचें मैदान दाखवा." गांवाबाहेर एक आंखूड धांवपट्टी, पत्र्याची चार कोठारें, एक खोली. विमान सेस्ना १७२ जातीचें, चार जणांचें, पंख डोक्यावर. या जातीचीं ४४,००० हून अधिक विमानें आजवर बनलीं, इतकीं दुसऱ्या कोणत्याही जातीचीं बनलीं नाहींत. उडण्यापूर्वीं जांवईबापूंनीं अर्धा तास त्याभोंवतीं प्रदक्षिणा घातली. पंखाखालून थोडें पेट्रोल कांचेच्या नळींत काढून त्यांत पाणी तर नाहीं ना, हें उजेडाकडे धरून पाहिलें. तेलाची पट्टी पुसली. आणि प्रत्येक क्रिया हातांतील छापील यादी मोठ्यानें वाचून केली. आम्ही पाठांतराच्या परंपरेंतले. पुस्तकांत पाहून म्हणणाऱ्यास आमच्या लहानपणीं छडी बसे. म्हणून विचारलें, "अजून पाठ नाहीं का झाली?" ते म्हणाले, "नाना, पाठ झाली तरी वाचायचीच. पाठ असलेलंच विसरतं."

या यादीचा उगमही डेटनचाच. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं येथील राइट फील्डवर बोइंग कंपनीचें चार इंजिनांचें नवें विमान वर चढतांच कोसळलें आणि दोघे कसलेले वैमानिक त्यांत दगावले. यंत्र निर्दोष होतें. जमिनीवर उभें असतां वाऱ्यानें शेपटीचे भाग हलूं नयेत म्हणून लावलेला अडसर काढावयाचा राहून गेला होता. तेव्हांपासून स्मरणावर विसंबणें बंद झालें.

त्यांचे शिक्षक सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. आम्हीही शिक्षक असें कळल्यावर थोडे खुलले. वयस्क विद्यार्थी उशिरां शिकतो पण सांगितलेलें ऐकतो, असा त्यांचा अनुभव. भीति त्यांस इंजिन बंद पडण्याची फारशी नव्हती. त्याचा सराव ते प्रत्येक आठवड्यास करून घेत. भीति दोन गोष्टींची: उतरतांना शेवटच्या वळणावर वेग गमावणें, म्हणजे पंखांचा आधारच सुटतो, आणि 'आज पोंचलेंच पाहिजे' हा हट्ट. १९५४ सालच्या एका प्रयोगाची हकीकत त्यांनीं सांगितली. इलिनॉय विद्यापीठांत वीस जणांस, केवळ उपकरणें पाहून उडण्याचें शिक्षण नसतां, कृत्रिम रीतीनें ढगांत घातल्यासारखें केलें. एकूण एकाचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत. क्षितिज दिसेनासें झालें कीं कानांतील तोलाचें इंद्रिय खोटें सांगूं लागतें, आणि मनुष्य तिरका जात असतां स्वतःस सरळ समजतो. १६ जुलै १९९९ च्या रात्रीं अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन, वय वर्षें ३८, स्वतःचें लहान विमान घेऊन धुरकट हवेंत समुद्रावर असेच चकले. परवाना मिळून सव्वा वर्ष झालें होतें. बरोबर पत्नी व पत्नीची बहीण. दुसऱ्या दिवशीं चुलत बहिणीचें लग्न होतें. तिघेही गेले, बिशप राइट यांचा नियम त्या घरीं कोणास ठाऊक नसावा.

घरीं परततांना जांवईबापूंनीं टाटांचें उदाहरण काढलें. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर विमान उतरविलें, आणि १९८२ सालीं त्याच तारखेस, वयाच्या ७८ व्या वर्षीं, लहानशा जुन्या विमानांतून तोच प्रवास पुन्हां केला. गोष्ट खरी आणि अभिमानाची. पण आम्हीं म्हटलें, "टाटांचा परवाना १९२९ चा. पन्नास वर्षांचा हात होता तो. तुमचं वय चौपन्न, पण हाताचं वय बावीस तास." यावर ते हंसले नाहींत. बऱ्याच वेळानें म्हणाले, "हें मात्र तिनं मला असं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. ती नुसतं 'जाऊं नका' म्हणते."

त्या रात्रीं जेवणानंतर आम्हीं बिशप राइट यांची हकीकत सर्वांस सांगितली. उपदेश असा केला नाहीं. कन्या मध्येंच उठून गेली, ती कागद-पेन्सिल घेऊन परत आली. तासभर वाद झाला. नात बापाची वकिली उत्तम करते. शेवटीं जें लिहिलें गेलें तें असें: मूल शिकून पायावर उभें राहीपर्यंत आईबापांनीं एका विमानांत बसूं नये, ढग दिसला तर परतावें, अंधारांत उडूं नये, आणि पलीकडे कोणी वाट पाहत असेल अशा ठिकाणीं विमानानें जाऊं नये, मोटारीनें जावें. हें शेवटचें कलम आमच्या कुटुंबाचें. जांवईबापूंनीं सही केली. कागद अजून त्यांच्या शीतपेटीच्या दारावर लावलेला आहे.

आम्ही निघण्याच्या आधींच्या शनिवारीं शिक्षक विमानांतून उतरून बाजूस उभे राहिले आणि जांवईबापू प्रथमच एकटे वर गेले. तीन वेळां उडाले, तीन वेळां उतरले. कन्या त्या मैदानावर त्या दिवशीं पहिल्यानेंच आली होती. उतरल्यावर तेथील रिवाजाप्रमाणें शिक्षकांनीं कात्रीनें त्यांच्या सदऱ्याचा पाठीकडील पदर कापून हातीं दिला; पूर्वीं मागें बसलेला गुरु तोच पदर ओढून शिष्यास खुणावीत असे, आतां ओढावयाची गरज उरली नाहीं, असा त्याचा अर्थ. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. कन्येनें तो तुकडा घेतला, नीट घडी केली आणि म्हणाली, "हा सदरा मीच घेतला होता, गेल्या दिवाळीला."