नेहमी अर्धीच पिशवी

गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा हात कापतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पिनांवर स्कोपचा प्रोब टेकवला की तो शेजारच्या पिनेवर घसरतो आणि बोर्ड जातो. म्हणून भोसरीच्या आमच्या शेडमध्ये आता प्रोब साताऱ्याहून आलेल्या मुलीच्या हाती असतो. फर्मवेअर लिहायला लागल्यापासून मी तो कुणाला दिला नव्हता. दिला, आणि महिन्याभरात तिने माझी जुनी चूक शोधून काढली.

२००३ साली मी दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या यंत्राचा बोर्ड केला. ८०५१ मायक्रोकंट्रोलर, १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, फ्लोमीटरचा मिलिलिटरला एक पल्स, ५०० झाले की व्हॉल्व्ह बंद. हजार-दीड हजार पिशव्यांमागे एखादी अर्धी निघायची. मी निदान केलं, नॉइज. डेअरीत मोटारी, कॉन्टॅक्टर, जुनं वायरिंग. कुणालाही पटेल असंच ते होतं. कपॅसिटर वाढवले, फेराइट घातले, दोनदा नवं अर्थिंग करायला लावलं. अर्धी पिशवी येतच राहिली.

काउंट बघावा म्हणून सिरियलवर छापायला लावला, तर पिशव्या जवळजवळ सगळ्या पूर्ण. ९६०० बॉडला १० अक्षरं म्हणजे १० मिलिसेकंद. २ मिलिसेकंदांचा लूप १२ चा झाला आणि दोष सहापट दुर्मिळ झाला. छापणं काढलं की परत हजर. बघायला गेलं की लपणाऱ्या या दोषाने माझ्या कित्येक रात्री खाल्ल्या. १९९७ मध्ये मंगळावरचं पाथफाइंडर यान पुनःपुन्हा रीसेट होत होतं, तेव्हा त्याच्या इंजिनिअरांनी नोंदी ठेवणारा कोड उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमध्येच राहू दिला होता. पृथ्वीवरच्या जुळ्या बोर्डावर तोच दोष उभा करून त्यांनी तो पकडला. बघण्याची सोय आधीपासून आत असावी लागते. मी ती ठेवली नव्हती.

तो बोर्ड दुरुस्तीला आला तेव्हा मुलीने विचारलं, "सर, नॉइज असता तर पिशवी कधी पाव भरली असती, कधी पाऊण. नेहमी अर्धीच का?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने लिस्टिंग काढली. काउंट दोन बाइटांचा, वाचताना आधी खालचा बाइट, मग वरचा. खालचा २५५ वाचला, नेमका तेवढ्यात पल्सचा इंटरप्ट आला, काउंट २५६ झाला, वरचा १ वाचला. हाती आले ५११. पाचशेच्या वर, व्हॉल्व्ह बंद. पिशवीत २५६ मिलिलिटर. दोन मायक्रोसेकंदांची फट.

हल्ली मुलं तयार लायब्ररी जोडतात, डेटाशीट उघडत नाहीत, अडलं की आपोआप रीसेट करणाऱ्या वॉचडॉगवर सोडून देतात, असं मी सगळीकडे बोलत आलो. ते आजही खरं मानतो. वॉचडॉगने दोष झाकणं ही आमच्या कामातली लबाडीच आहे. पण मी डेटाशीट पाठ असलेला माणूस, आणि मी माझा दोष अर्थिंगने झाकला. कारण साधं होतं. 'नॉइज यांनाच कळतो' अशी माझी ख्याती झाली होती, लांबून लोक बोर्ड घेऊन यायचे, आणि ते मला फार आवडायचं. पिशवी अर्धीच का, हा प्रश्न मला पडला नाही, कारण तो पडला असता तर उत्तर माझ्या कोडमध्ये शोधावं लागलं असतं.

इंटरप्ट बंद, दोन्ही बाइटांची नक्कल, इंटरप्ट चालू. दुरुस्ती एवढीच. डेअरीला मी पत्र लिहिलं की अर्थिंग पहिल्यापासून ठीक होतं, चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. फाइलच्या माथ्यावर लिहिणारा म्हणून माझं नाव आहे. दुरुस्तीच्या नोंदीसमोर तिचं.