लोकर हातात, वाट पायाखाली

इंदापूर तालुक्यातलं कळस हे माझं गाव. एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा आणि मधे हा कमी पावसाचा माळ. चिंकारा आणि लांडगा अजून दिसतात असं हे रान. कालव्याचं पाणी आलं, ऊस उभा राहिला, तरी माळावर मेंढरं राहिलीच. त्यामुळे माझ्या आयुष्यात अक्षरांच्या आधी लोकर आली.

दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळ सगळ्यांत मऊ. ती आजी वेगळी काढून ठेवी. लोकर पिंजायची, चातीवर सूत काढायचं आणि ते सणगराकडे द्यायचं. सणगर खड्ड्याच्या मागावर घोंगडं विणून त्याला चिंचोक्याची खळ देई. नवं घोंगडं आधी ताठ असतं, वापरून वापरून ते अंगाचं होतं. पावसात त्याची खोळ, थंडीत पांघरूण, पाहुणा आला की बैठक.

दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी बिऱ्हाडं, निघे. घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं, मेंढरं पुढे घालायची आणि वरंध घाट उतरून महाडच्या बाजूला कोकणात जायचं. ज्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्याला लेंडीखत मिळे आणि आम्हाला धान्य. पाऊस तोंडावर आला की माघारी. आई लग्न होऊन आली ती थेट या वाटेवरच. मुक्कामाला पुरुष वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, विणत बसत. बायका चालता चालता सूत काढत. "रिकाम्या हातानं चाललं की वाट लांबती, बाय," असं आई आजही म्हणते.

मला शाळेसाठी गावातच ठेवलं. तिथे हस्तकलेच्या तासाला बाईंनी दोन सुयांवर टाके घालायला शिकवले: सुलट, उलट, पुन्हा सुलट. दुकानातून आणलेला गुंडा होता ॲक्रिलिकचा, खनिज तेलापासून बनवलेल्या धाग्याचा. आईनं तो बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाली, "ह्याला मेंढराचा वास न्हाई." तरी सुया तिनं मागून घेतल्या आणि आठवड्याभरात माझ्यापुढे गेली. पुढे मी पुण्यात वसतिगृहात राहिले, नोकरी लागली, लग्न झालं. पण एसटीत असो, दवाखान्याच्या बाकावर असो, की पालखी बघायला काटेवाडीला जाताना असो, आम्हा दोघींच्या पिशवीत विणकाम असायचंच. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढरांचं रिंगण होतं, तेव्हा मात्र आई सुया बाजूला ठेवून हात जोडते.

परदेशात विणकाम करणाऱ्यांच्या खास सागरी सहली निघतात. जहाजावर शिकवणी असते आणि बंदराला लागलं की लोकरीची दुकानं, मेंढपाळांचे वाडे बघायचे. हे ऐकल्यावर मी आईला घेऊन मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजात बसले. आमच्या शेजारच्या वालचंदनगरला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज 5 एप्रिल 1919 रोजी याच मुंबईहून लंडनला निघालं होतं. माळावरच्या आम्हा दोघींना समुद्रावर तेवढं एक नाव ओळखीचं होतं.

संध्याकाळी डेकवर आई जावळीच्या सुताचा मफलर विणायला बसली. आजूबाजूच्या बायका जमल्या, सूत चाचपून बघू लागल्या. अंधार पडल्यावर तिनं किनाऱ्यावरच्या दिव्यांकडे बोट केलं. "त्या डोंगराच्या पायथ्याला आपला वाडा उतरायचा. कोकण मी अंगावरनं चालून बघितलंय, आज पहिल्यांदा समोर ठेवून बघतीय." विणायचं थांबवून ती बराच वेळ ते दिवे बघत राहिली.

त्या रात्री मी तिला शेटलंडबद्दल सांगितलं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या या बेटांवर बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणायच्या. आज त्याच विणकामापायी जगभरातून लोक तिथे जातात. "मंग आपल्याकडं कोण येईल?" तिनं विचारलं.

तिचा प्रश्न रास्त आहे. दख्खनी लोकर मेरिनो मेंढीच्या लोकरीपेक्षा बरीच जाड आणि भरड. उघड्या अंगाला ती टोचते. बाजारात भाव इतका पडला की पुष्कळदा कातरणीची मजुरीही सुटत नाही, आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून द्यावी लागते. मटणाला भाव असल्यानं मेंढपाळ माडग्याळसारख्या, अंगानं मोठ्या पण लोकर कमी असलेल्या मेंढीकडे वळले. शेजारच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. त्यानं मेंढपाळाच्या हातात पैसा येतो, आणि तो यायलाच हवा. पण लोकरीसाठी एवढी मेहनत झालेली मला दिसत नाही. भरड लोकरीचंही काम आहे: घोंगडी, जेन (जाड लोकरी बैठक), सतरंज्या, आसनं, पिशव्या. तिला मऊ करण्याचा हट्ट सोडून तिच्या ताकदीचं काम तिला द्यायला हवं.

यंदा थंडीत पांघरूण घ्यायचं असेल तर एक हातमागाचं घोंगडं घ्या, आणि लोकर कुठल्या माळावरची, सूत कुणी काढलं, हे विकणाऱ्याला आवर्जून विचारा. गिऱ्हाईक विचारू लागलं, तरच लोकर बांधावर पडायची थांबेल.