पिवळा रंग आला का?

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासनाचा धडा आहे. सरपंचाची मुदत किती, ग्रामसभा कधी भरते, हे मुलं घडाघडा म्हणून दाखवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. म्हणून यंदाच्या सहलीला किल्ल्याऐवजी मुलांना ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्र दाखवायला नेलं. सगळ्यांचे चेहरे पडले. एकजण तर म्हणालाच, "बाई, ग्रामपंचायत आमच्या घरासमोरच आहे. तिथं कसली सहल?"

कार्यालयात भाऊसाहेबांनी नमुना आठची वही उघडली. (ग्रामसेवकाच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावाच्या तोंडी भाऊसाहेबच.) मुलांनी आपापलं घर शोधलं, घरपट्टी वाचली आणि शेजाऱ्याची थकबाकी जरा मोठ्यानंच वाचली. मी घाईघाईनं वही मिटली.

खरी सहल सुरू झाली ती पाण्याच्या टाकीखाली. गावाला पाणी सोडणारे तात्या सरकारी कागदावर 'जलसुरक्षक' आहेत, हे मुलांना तिथं कळलं. हजार लिटर पाणी शुद्ध करायला पाच ग्रॅम टीसीएल पावडर लागते. टाकी पन्नास हजार लिटरची. फळा नाही, वही नाही, तरी 'अडीचशे ग्रॅम!' असं उत्तर चारी बाजूंनी आलं. त्रैराशिक इतक्या उत्साहानं सोडवलेलं मी वर्गात पाहिलेलं नाही. तात्यांनी बादलीत पावडर कालवली, चुना तळाशी बसेपर्यंत अर्धा तास थांबायचं असतं म्हणाले, आणि मग वरचं निवळ पाणी घेऊन टाकीची शिडी चढले.

पावडरची पोती कोपऱ्यात, ओल आलेल्या भिंतीला टेकून ठेवली होती. एकाचं तोंड उघडंच. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. हवा आणि ओल लागली की तो उडत जातो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही, असा नियम आहे. म्हणजे माप बरोबर, वेळ बरोबर, आणि तरी पाणी अशुद्ध, असं होऊ शकतं. माझ्या मते गावाचा कारभार भाषणांत नव्हे, अशा पोत्याच्या तोंडाशी कळतो. भाऊसाहेबांनी काही न बोलता सुतळी मागवली.

तासाभरानं ओ.टी. टेस्ट. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. औषध विषारी, म्हणून बाटली भाऊसाहेबांच्याच हातात. टाकीखालच्या नळाला छान पिवळा रंग आला. शाळेच्या नळाला फिकट. मग एक मुलगी म्हणाली, "आमच्या वस्तीवर बघूया ना." तिची वस्ती पाइपलाइनच्या अगदी टोकाला. तिथं नळी पांढरीच राहिली. रंगाचा मागमूस नाही. मुलं एकदम गप्प झाली. वाटेत एका ठिकाणी गटाराला लागूनच पाइप पाझरत होता. तो मुलांनीच शोधून काढला. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. मुख्य मुद्दा 'शेवटच्या' हाच. टाकीखालचा पिवळा रंग फोटोपुरता.

आरोग्य केंद्रात मुलांना सर्वांत आवडला तो लसींचा फ्रिज. आत तापमान 2 ते 8 अंश, आणि दिवसातून दोनदा ते लिहून ठेवतात. कुपीवरच्या गोलातला चौकोन उष्णतेनं गडद होत जातो आणि बाहेरच्या गोलाइतका काळा झाला की लस बाद, हे सिस्टरांनी सांगितल्यावर जो तो कुपीवर वाकला. मग ती वस्तीवरची मुलगी डॉक्टरांना म्हणाली, "आमच्या नळाला रंग आला नाही." डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं नाही. जुलाबाचे रुग्ण एकाच वस्तीतून यायला लागले की आपण आधी त्यांचा नळ विचारतो, असं ते म्हणाले. पाण्याच्या सोयीची पाहणी करून आरोग्य विभाग ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो, हेही त्यांनीच सांगितलं. रुग्ण तपासायचे आरोग्य खात्यानं, पण पावडर विकत घ्यायची, पाइप जोडायचा ग्रामपंचायतीनं. धड्यात ही दोन खाती वेगवेगळ्या पानांवर असतात. वस्तीवर ती एकाच नळाला येऊन मिळतात.

परतताना सरपंचताईंना मुलांनी घेरलं. पाझरणारा पाइप कधी जोडणार, असं थेट विचारलं. त्यांनी "बघते" म्हटलं, तर एकानं तारीख मागितली. पुढच्या आठवड्यात पाइप जोडला गेला. वस्तीवरची तपासणी मात्र पुन्हा व्हायची आहे.

ओ.टी. टेस्टचं औषध तुमच्याही ग्रामपंचायतीत असलं पाहिजे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते. तिथं उभं राहून एवढंच विचारा: शेवटच्या घराच्या नळाला शेवटची तपासणी कधी झाली, आणि रंग आला का?